सतरा ऑक्टोबरचं पाकीट

२ ऑक्टोबर

सकाळी साडेआठलाच फोन. गुरुजी! निवृत्त गणितशिक्षक, आमच्या पेपरातल्या ‘दिनविशेष’चे कायमचे पहारेकरी. "अहो, तुमच्या त्या शास्त्रज्ञाला दोन वर्षं आधीच मारलंत की." पाहिलं — खरंच मारलं होतं. दुरुस्तीच्या वहीत नोंद केली. बावीस वर्षांत एकही दुरुस्ती वहीत घ्यायची राहिलेली नाही. मिरवायला एवढंच आहे माझ्याकडे.

तीन जन्म, तीन मृत्यू, दोन घटना. रोज तेवढीच चौकट. जगातले थोर लोक रोज माझ्या टेबलावर जन्मतात आणि मरतात, आणि मी आपला त्यांची सालं तपासत बसतो. थकलोय. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय बहुतेक.

५ ऑक्टोबर

वहिनी ऑफिसात आल्या. कधी येत नाहीत. खुर्चीच्या कडेला बसल्या, पिशवीतून कोर्टाचा कागद काढला. दादाने घर सोडल्याला ऑगस्टात आठ वर्षं झाली. कोर्टाने आता त्याला मयत धरलंय. धरलंय म्हणे! कागदावर निकालाची तारीख आहे, मृत्यूची नाही.

"भाऊजी, मला एक तारीख द्या," म्हणाल्या.

मला कळेना. मग सगळं एका दमात बोलल्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, त्या विधुर गृहस्थांनी लग्नाचं विचारलंय. वहिनी हो म्हणणार आहेत. "पण त्याआधी यांच्यासाठी एकदा नीट रडायचंय मला. आठ वर्षं रोज थोडं थोडं चाललंय. वर्षातला एक दिवस यांचा ठरवा आणि बाकीचे माझे मला द्या."

"मी कसा ठरवणार?"

"तारखांचं तुम्हालाच कळतं ना?"

हो म्हणून बसलो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

६ ऑक्टोबर

दादा गेला तीच तारीख घ्या म्हटलं, तर वहिनींना नको. त्या दिवशी तो जिवंत होता, म्हणाल्या. जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि चष्मा घेऊन गेला. मरायला निघालेला माणूस चष्मा कशाला नेईल?

९ ऑक्टोबर

कपाटातली पाकिटं काढून बसलो. तीनशे सहासष्ट — प्रत्येक तारखेचं एक, आत कात्रणं. कुठलंही उघडा, कोणीतरी बडी आसामी आधीच जागा अडवून बसलेली. दादाला कुठल्या राजाच्या, कुठल्या सेनापतीच्या शेजारी बसवू? बस डेपोत वेळापत्रकं आखायचा तो. एक गाडी पाच मिनिटं मागे सरकवायला दोन दिवस डोकं धरून बसायचा.

माझा कॉलम मात्र पेन्सिल घेऊन वाचायचा. डेपोत पोचला की नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन. "आजच्यात एक गफलत आहे, साहेब." चूक कधी म्हणायचा नाही, गफलत. आणि धाकट्या भावाला साहेब! माझं डोकं फिरायचं. एकदा सगळ्यांसमोर ओरडलो, "तुला दुसरा उद्योग नाही का? पुन्हा फोन करू नकोस." केला नाही. दोन आठवड्यांनी घरच सोडलं.

हे वहिनींना सांगितलेलं नाही. माझ्यामुळे गेला नसेल, हे मलाही कळतं. पण आठ वर्षं नऊ वाजून दहा मिनिटांनी हात आपोआप फोनकडे जातो. तो हवा होता मला. अजून हवाय.

१२ ऑक्टोबर

सापडली. सतरा. माझ्या पाकिटात त्या दिवशी जन्मांची झुंबड, मृत्यू दोनच. वहिनींना कळवलं. त्यांनी तारीख लिहून घेतली. मग विचारलं, "त्या दिवशी एरवी काय झालेलं?"

"विशेष काही नाही."

"मग चालेल."

१५ ऑक्टोबर

पानं लावणारी मुलगी टेबलाशी आली. "काका, सतराला एक मयत कमी पडतंय. खाली पांढरं दिसतंय."

पाकीट पुन्हा उलटंपालटं केलं. तिसरा कोणी मिळेना. ती उभीच. मग लिहिलं — दादाचं पूर्ण नाव, त्यापुढे ‘वेळापत्रककार’, साल त्याने घर सोडलं तेच.

"हे कोण?"

"होते एक."

पान गेलं. खोटा मजकूर मी पहिल्यांदाच छापायला दिला. गुरुजी पकडतील, मग संपादक बोलावतील. बोलावू देत.

१७ ऑक्टोबर

सुट्टी घेतली. वहिनींकडे गेलो तर पेपर मांडीवर. सकाळपासून रडत होत्या, माझ्यादेखतही रडल्या, मोकळ्या गळ्याने. मीही रडलो. वयाचं भान ठेवलं नाही.

दुपारी त्यांनी तोंड धुतलं, चहा टाकला. इतकी वर्षं फळीवर पुसून ठेवलेला डबा शेजारणीला देऊन आल्या. "झालं," म्हणाल्या. चेहरा हलका दिसत होता. शुक्रवारी अकरा वाजता लग्नाची नोंदणी. "साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा, भाऊजी. माझ्या बाजूने दुसरं आहे कोण?"

गुरुजींचा फोन मोबाइलवरही कसा आला नाही?

१८ ऑक्टोबर

आमच्या टेलिफोनवरच्या बाईंनी जिन्यातच गाठलं. "काल तुम्हाला फोन होता. बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी. गुरुजी नव्हते, त्यांचा आवाज मी ओळखते. म्हणाले, आजच्यात एक गफलत आहे, साहेबांना सांगा. मी म्हटलं, दुरुस्ती लिहून घेते. तर म्हणाले, दुरुस्ती नको. छापलंय ते तसंच राहू द्या."

दादा आहे.

दुरुस्तीची वही उघडली. तारीख घातली. तेवढ्यावरच मिटली.

शुक्रवारी अकरा वाजता सही आहे.