दादाच्या गाठीचा तुकडा

दादा,

अकरा वर्षं आपलं बोलणं नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी तुझं नाव लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आलं. मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा होता. मायक्रोस्कोपखाली पेशी धड सौम्यही दिसेनात, धड आक्रमकही.

सर म्हणाले, "सौम्य लिहून टाक."

माझा हात चालेना. "सर, आक्रमक पेशीच रंगवणारं मार्कर लावून बघू या."

"एवढा जीव का टाकतेस? कोण लागतो तुझा?"

"कोणी नाही," मी म्हणाले. सख्खा भाऊ म्हटलं असतं, तर केस माझ्याकडून काढून घेतली असती. तरी ते दोन शब्द अजून टोचतात.

मार्करने पेशी गडद तपकिरी रंगल्या. सरांनी पुन्हा पाहिलं आणि स्वतःच्या हाताने 'आक्रमक' लिहिलं. म्हणून तुला वेळेत औषध मिळालं.

आज तुझी तपासणी स्वच्छ आली. दवाखान्याच्या बाकावर वहिनी रडत होती आणि तू तिला हसवत होतास. मी दाराआड उभी होते.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उपकाराखाली दबून तू बोलावंस, असं मला नको. उद्या नुसता फोन करीन. तू ठेवून दिलास, तर परवा पुन्हा करीन.

तुझी,
बुटकी