चौथं कडवं

रवि., ७ सप्टें.
आज चर्चच्या पडद्यावर आई आली. म्हणजे तिचा मेसेज. पाळकसाहेब डोळे मिटून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतायत, गाण्यांच्या स्लाइडचा लॅपटॉप माझ्यापुढं, व्हॉट्सॲप बंद करायचं राहिलेलं. आणि भिंतीवर, क्रुसाच्या शेजारी: "येताना कोथिंबीर. परवासारखी मेथी उचलून आणू नको."
आई तिसऱ्या बाकावर. मोबाइलमध्ये बायबल वाचतेय असा तिचा कायमचा दावा.
प्रार्थनेत किती जणांचे डोळे मिटलेले असतात ते हसण्यावरून कळलं. फार नाही.
नंतर बाहेर शांतवनमामा. आईचा थोरला भाऊ, माझ्या जन्माआधीपासून पेटीवर. पडदा आल्यापासून धुसफुसतोय. "आधी लोक डोळे मिटून गायची, नीलू. आता बघ. कोंबडीनं पाणी प्यावं तशा माना वर!"
मी म्हटलं, "कोंबड्या सुरात तरी आहेत." तर म्हणे, "व्हय, खुडूक कोंबडीच्या."
एक गंमत. मामाला एखादी ओळ भावली की तो ती तीनदा-चारदा घेतो. आज मी घाईत पुढची स्लाइड टाकली. अख्खी मंडळी माझ्या स्लाइडबरोबर पुढं. मामा मागं एकटा, पेटीसकट. धावत आला बिचारा.
म्हणजे गाणं आता ज्याच्या हातात बटण त्याचं. नोंद.

बुध., १०
माझी कथा मासिकाकडून परत. (पूर्णविराम नसलेली.) संपादकांचा शेरा: "प्रयोग स्तुत्य. वाचक कोण?"
वाचक कोण! माझे वाचक म्हणजे कॉलेजचा ग्रुप. त्यातले दोघं न वाचताच 'क्या बात' टाकतात.
आणि रविवारी मी बटण दाबलं की दीडशे माणसं वाचतात. मोठ्यानं. उभी राहून. सुरात.
नको. हा विचार नको.

शनि., १३
केला.
उद्याच्या स्लाइड टाइप करत होते. मेंढपाळाचं गाणं, पुस्तकात तीनच कडवी. चौथी स्लाइड आपोआप कोरी उघडली. कोरी स्लाइड बघून काय करावं माणसानं...

दार उघडं ठेव, देवा, उशीर झाला तरी
धुळीचे पाय घेऊन येतो तुझ्याच मी घरी
नाव विसरलं जग सगळं, तू मात्र विसरू नको
दिवा जरा बारीक कर, विझवू मात्र नको

मी आणि यमक! ग्रुपला कळलं तर वाळीत टाकतील. वाईट याचं की आवडलंय.
उडवून टाकीन सकाळी.

रवि., १४
नाही उडवलं.
गायले!! तिसरं कडवं संपलं, मामानं पेटीचा भाता सोडला, मी बटण दाबलं आणि लोक सरळ चौथ्यात शिरले. पुस्तक कुणाकडंच नाही, पडद्यावर आहे म्हणजे आहे. मामा दचकला, भाता पकडला, चाल धरली. एक भुवई वर ती शेवटपर्यंत वरच. 'विझवू मात्र नको'ला मागचे बायकांचे बाक असे काही चढले की पंखे ऐकू येईनात.
कुणालाही काही कळलं नाही. त्याहून भारी: सेक्रेटरी भालेरावकाका दारात म्हणाले, "लई वर्षांनी ऐकलं ते शेवटचं कडवं. माझी आजी म्हणायची. जुन्या पुस्तकात होतं ते."
मी म्हटलं, "हो का काका?"
"म्हंजे काय! आत्ताच्या पोरांना कुठं माहीत."
घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. आईला वाटलं मुलगा-बिलगा.

मंगळ., १६
मंडळीच्या कमिटीची मीटिंग. मामानं विषय काढला म्हणे, पडदा बंद करा. भालेरावकाका म्हणाले, प्रोजेक्टर काय शोभेला घेतला? लोकांची तक्रार वेगळीच. उपदेश चालू असताना पुढचे लोक उपासनेच्या यूट्यूब लाइव्हमध्ये आपण दिसतो का ते मोबाइलवर बघतात, आणि लाइव्ह अर्धा मिनिट मागं असल्यामुळं स्वतःलाच जांभई देताना बघून परत जांभई देतात.
शेवटी तोडगा: महिन्यातून एक रविवार ना पडदा ना लाइव्ह. पहिला २८ ला. मामा आमच्याकडं चहाला आला तो निवडणूक जिंकल्यासारखा.
जाताना मला: "ते चौथं कडवं कुठून आलं गं?"
"इंटरनेट."
"हां. तिथं काय बी मिळतं."

रवि., २१
झालं. चौथं कडवं लोकांनी आज मागून घेऊन दोनदा गायलं. आता हसू नाही.
सलोमीमावशी. मुकुंदवाडीला स्टेशनजवळ राहतात, एकट्या. त्यांचे मिस्टर, आमचे काका, मागच्या ऑक्टोबरात गेले. उपासना संपल्यावर मला खांबामागं ओढलं. "सलाम बाळा. ते दिव्याचं कडवं मला मोठ्या अक्षरात लिहून दे. यांच्या कबरीच्या दगडावर घालणारंय."
मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.
"शेवटच्या दोन ओळी फक्त. आणि खाली गीत क्रमांक. पुस्तकातला नंबर बघून सांग. म्हंजे कुणी विचारलं, हे कुठलं, तर माणसाला दाखवता आलं पाहिजे."
म्हटलं, बघून सांगते.
काय बघून सांगते? मेंढपाळाच्या गाण्याचा नंबर द्यावा तर कुणीही पुस्तक उघडेल आणि तीनच कडवी सापडतील. दगडावर! स्लाइड असती तर डिलीट केली असती.

मंगळ., २३
मावशींचे दोन कॉल. उचलले नाहीत.
औरंगपुऱ्यात गेले होते वही घ्यायला, समोरून भालेरावकाका स्कूटीवर. थांबलेच. "जुनं पुस्तक शोधतोय घरात. ते कडवं दाखवतो तुला." डोळ्यांत इतका विश्वास. मी चक्क म्हणाले, "सापडलं की सांगा." नालायक आहे मी.

बुध., २४
मामाकडं गेले. पेटी उघडून बसला होता, एक सूर घोगरा झालाय म्हणून. सगळं सांगून टाकलं.
त्यानं मान पण वर केली नाही. "म्हाईत आहे."
"कधीपास्नं?"
"पहिल्याच दिवशी. अख्खं चर्च तोंड फाडून गातंय आणि तू एकटी तोंड मिटून. पंगतीत एकटी कोण जेवत नाही? जिनं रांधताना चाखलंय ती."
"मग बोलला का नाहीस?"
"रागानं. दोन दिवस धुमसत होतो. मंडळी काय चेष्टेची जागा आहे? तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना बघतो तर तेच गुणगुणतोय. मग कुणावर चिडू?" पेटीच्या पत्तीवर फुंकर. मग: "पण सलोमीला सांग. दगड कोरायच्या आधी."
"आणि त्या रडल्या तर?"
"तर रुमाल घेऊन जा. बाकी मला काय सुचंना."

शुक्र., २६
मुकुंदवाडी. रुमाल घेतला होता. सांगितलं नाही.
मावशींनी आधी पोहे, मग चहा, मग परत पोहे. मी तोंड उघडलं की त्यात पोहे. मग त्याच बोलायला लागल्या. काका रेल्वेत, लासूर स्टेशनला. रात्रपाळीला यायला कधी अकरा, कधी दोन. "लाइट जायचीच तवा. मी कंदील बारीक करून खिडकीत ठेवायची. मोठा ठेवला तर रॉकेल जायचं, इझवला तर ह्यांना वाटायचं मी रुसले. त्या गाण्यात कुणी आमचंच घर लिहिलंय बघ. शंभर वर्षांमागं."
शंभर वर्षांमागं नाही, मावशी. तेराला, शनिवारी, पंख्याखाली.
मी आयुष्यात कंदील बारीक केलेला नाही. कुठून आली ती ओळ, मलाही...
दगडवाल्याला सोमवारी मजकूर द्यायचाय. क्रमांकाची जागा सोडून ठेवलीय.

रवि., २८
पडद्याशिवाय पहिली उपासना. सांगायचं खूप आहे, नीट सांगता येईल का बघू.
हातात लॅपटॉप नाही तर हात कुठं ठेवायचे कळेना. आईची तर फारच पंचाईत, खरं बायबल आणावं लागलं. पाळकसाहेब म्हणाले, आज पाठ असेल ते गाऊ. मामानं मुद्दाम मेंढपाळाचं धरलं. पहिलं कडवं दणक्यात. दुसऱ्यात अर्धे हूं-हूं करत. तिसऱ्याच्या मधेच भालेरावकाका पहिल्या कडव्यावर परत गेले आणि ठामपणे तिथंच थांबले.
संपलं. मी श्वास सोडला. आणि मामा थांबेना. पेटी चालूच. चौथ्याची सुरुवात दिली, एकदा. कुणी नाही. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. परत दिली.
सलोमीमावशींनी उचललं. एकटीनं. बसका आवाज, पण पक्का. दार उघडं ठेव, देवा. दुसऱ्या ओळीला मागचे बाक आले. तिसरीला सगळे. पुढं बघायला काही नव्हतं, कित्येकांचे डोळे मिटलेले. आणि शेवटी मावशी म्हणाल्या: दिवा जरा बारीक कर, विझवू आत्ताच नको.
'मात्र' नाही. 'आत्ताच'.
आधी लेखिका चिडली. (शब्द बदलला!) मग तीच लेखिका 'आत्ताच' म्हणत ओळ परत गायली.
सुटल्यावर गेटपाशी गाठलं. एका दमात: "मावशी, ते कडवं पुस्तकात नाही, मी लिहिलंय, गंमत म्हणून टाकलं होतं, चुकलं माझं."
त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तू? पण आमचा कंदील तुला कसा ठाऊक?"
"नव्हता ठाऊक."
"गंमत म्हणून?"
"आधी. नंतर नाही."
छत्री काखेत मारली, रिक्षाला हात केला, गेल्या. रुमाल माझ्या खिशातच.
मामा मागं उभा. "जेवायला चल," एवढंच.

सोम., २९
सकाळपासून फोन समोर ठेवून बसलेय.
दरम्यान भालेरावकाकांचा मेसेज: जुनं पुस्तक सापडलं, ते पान नेमकं वाळवीनं खाल्लंय. हसू आलं, जोरात. किती बरं वाटलं हसून.
दुपारी व्हॉट्सॲपवर मावशींचा व्हॉइस मेसेज आला. मागं ठोकाठोकी, म्हणजे दगडवाल्याकडूनच. "नीलू, रात्रभर राग राग केला तुझा. मग सकाळी भांडी घासताना तेच तोंडात. आता हा माणूस हातोडी घेऊन उभाय, म्हणतो नंबराच्या जागी काय टाकू? मी म्हटलं थांब, पोरीला विचारते. ये इकडं. आणि 'आत्ताच' राहणार, सांगून ठेवते. ते माझंय."
तीनदा ऐकलं. उत्तर टाइप केलं, पुसलं. माझं नाव? नको. कोरी जागा? मामाला फोन लावला तर म्हणतो, "मला काय विचारतेस, मी पेटीवाला."
चप्पल घातलीय. आई विचारतेय कुठं. दगडवाला पाचला बंद करतो, आणि मला अजून त्या जागी काय टाकायचं ते सुचलेलं नाही