दुकानाच्या काचेतला बुडबुडा

तीर्थरूप काकांना,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंचा खोकला थांबला असेलच (नसेल, तर त्या औषध घेत नाहीत असं समजते). डोळे तपासून घे, हा तुमचा सल्ला पुन्हा पोचला. माझे डोळे ठणठणीत आहेत, आणि सध्या मला मरायलाही फुरसत नाही.

कारण हवेचा एक बुडबुडा. आमच्या प्रयोगशाळेतली चिप म्हणजे काचेवर चिकटवलेली रबरासारखी पारदर्शक वडी. तिच्या पोटात केसाएवढी बारीक वाट, वाटेत जिवंत पेशी, आणि त्यांचं जेवण म्हणून आम्ही सोडतो तो गुलाबी द्रव. वळणावर बुडबुडा ठाण मांडून बसला की पलीकडच्या पेशी उपाशी मरतात. सर म्हणाले, चिप बुडबुड्याविना आठवडाभर चालवून दाखवा आणि प्रबंध लिहायला बसा. नाहीतर आणखी वर्षभर हेच. तेव्हापासून मी त्या बुडबुड्याच्या हातापाया पडते आहे.

पेन्सिलीने टकटक केलं, तर एकाचे दोन झाले. चिप तिरकी धरली, तर तो आणखी ऐसपैस बसला. मग माझं डोकं फिरलं आणि मी सिरिंज जोरात दाबली. बुडबुडा ढिम्म, नळी मात्र सुटली, आणि गुलाबी चिळकांडी थेट बघायला वाकलेल्या सरांच्या चष्म्यावर. सर दचकले, चष्मा पडला, आणि तो शोधताना त्यांचाच पाय त्याच्यावर पडला. कपाटातला कुठल्या काळातला जुना चष्मा त्यांनी चढवला, आणि मी ओशाळून तुमच्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

दोष कुणाचा ते शेवटी कळलं: फ्रिजचा, म्हणजे माझाच. थंडगार द्रव मी तसाच उबदार पेटीतल्या चिपमध्ये सोडत होते. तो कोमट झाला की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते; म्हणजे बुडबुडे मीच हौसेने घडवत होते. आता द्रव आधी कोमट करते, पंपाने त्यातली हवा ओढून काढते, मगच आत सोडते. आज आठवडा पुरा होतोय. सरांनीही परवा बघून "छान" म्हटलं. काका, मला खरंच फार आनंद झालाय.

तुमची पुतणी

ता. क. खरं काम राहिलंच. मी वैतागून तुम्हाला त्या बुडबुड्याचा फोटो पाठवला होता. तो तुम्ही फ्रेम करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावलात आणि खाली 'आमच्या पुतणीने जगवलेली पेशी' असं लिहिलंत, हे आईकडून कळलं. सर पुढच्या आठवड्यात चष्म्यासाठी येतील. त्याआधी कृपा करून तो काढा.

आणखी एक. पाकीट चिकटवणार इतक्यात सर आले. काल तिकडे काम निघालं म्हणून ते तुमच्या दुकानात जाऊन आले होते, आणि तुमच्याकडचा नवा चष्मा घालूनच आले. चिपवर वाकले आणि म्हणाले, "उजव्या वळणावर बसलाय बघा. याच्या थोरल्या भावाला कालच तुमच्या काकांच्या दुकानात भेटून आलो." मी वाकवाकून पाहिलं, मला काही दिसेना. सूक्ष्मदर्शक मी रोज पेशींवरच रोखत होते, वळण नुसत्या डोळ्यांनी बघत होते. आता तिथे रोखला, तर बुडबुडा होता. लहानसाच आहे, पेशी तगल्यात, पण आठवडा उद्यापासून पुन्हा सुरू.

रविवारी डोळे तपासायला येते. फोटो मात्र काढू नका. मला नीट दिसलेला तेवढा एकच बुडबुडा आहे.