माळ्यावरचा दारूगोळा

५ जानेवारी, रविवार, सकाळ.
माझ्या पोरानं, कल्याणनं, बियाण्याच्या दुकानातून डायरी आणली. दर पानाखाली फवारणीचा सल्ला छापलाय. चौथी शिकलेल्या बाईला बास झाली. ठरवलं, रोज दोन ओळी लिहायच्या. सुनेबद्दल एक अक्षर लिहायचं न्हाई.

त्याच दिवशी, दुपार.
शीतल. सहा दिवस सकाळच्या गाडीनं जालन्याला कारखान्यात नकाशे काढायला जाते, अन् सातव्या दिवशी घरी बसून काय काढते, तर लढाईची जहाजं! कॉम्प्युटरवर खेळ आहे. त्यात निजामाच्या राज्याला समुद्र मिळालाय. खरा कधी मिळाला न्हाई, म्हणून खेळात. आपल्या बदनापूरच्या पुढं पाणीच पाणी. नळाला आठ दिवसांनी येतं ते निराळं. कारखान्यातली मेहरुन्निसा म्हणून मैत्रीण आहे, ती समोरून लढते. दोघी बाळंतपणं झालेल्या बाया.

संध्याकाळ.
शीतलनं परत माळ्याचा विषय काढला. म्हणे, आई, ज्वारी, डाळी, पीठ सगळं वर. दिवसातून चारदा शिडी चढते, गुडघा गेला माझा. डबे खाली ठेवू.
बिलकुल न्हाई. घनसावंगीकडं आमच्या गावात गोदामाय घरात आल्ती तेव्हा खालचं सगळं गेलं. माळ्यावरच्या दोन डब्यांवर आठ दिवस लेकरं जगवली. त्यात तुझा नवराबी होता, म्हटलं.
ती म्हणे, आई, इथं नदी कुठाय?
म्हटलं, तिथंबी घरात न्हवती. आली.

८ जानेवारी, बुधवार.
तिचं जहाज पाह्यलं. हसू आवरेना. सगळा दारूगोळा तळाला, पाण्याच्याबी खाली! ओल लागल्यावर काय फुटणार, फटाका? नकाशे काढायचा पगार घेते ही.
बोलले. ती म्हणे, मंग तुम्हीच बांधा एक. तरलं तर माळ्याचं नाव काढणार न्हाई जन्मात. बुडालं तर डबे खाली.
म्हटलं, बराबर. कल्याण साक्षीला. त्यानं वर मान केली न्हाई, पण साक्षीला आहे.
चौकटीचा कागद दिला तिनं. पेन्सिल माझी.

९ जानेवारी.
जहाज काढून राह्यले. काम काहीच अवघड न्हाई. लोक उगी शिकतात.
लांब अन् अरुंद. रुंद केलं की शेजारच्या उषाबाईसारखं चालतं. वर तीन माळे. पहिल्यावर शिपाई, दुसऱ्यावर ज्वारी, तिसऱ्यावर दारूगोळा. तोफा त्याच्याही वर, कारण वरून टाकलेला दगड जास्त लागतो. स्वैपाकघर छताला, धूर जायला. त्याच्यावर पाण्याची काळी टाकी, हजार लिटरची. शिपायांनी आंघोळ कुठं करायची, हे शीतलच्या जहाजात कुणी विचारलंच न्हाई.
तळ रिकामा. झाडायला बरा.

१२ जानेवारी, रविवार.
शीतलनं कागद पाहून जहाज कॉम्प्युटरात घातलं. एक लाल रेघ आली. म्हणे, आई, तोल जातोय, वरती वजन जास्त झालं. गोळे तरी खाली घ्या.
कॉम्प्युटर तिचा. तो तिच्याच बाजूनं बोलणार.
कल्याण म्हणे, आई, एकदा बघ तर. म्हटलं, गॅसची टाकी घेऊन गाडीसकट पोस्टासमोर आडवा झालेला माणूस मला तोल शिकवणार का? गेला उठून.
लाल रेघेवर पदर धरला. दिसेनाशी झाली.

१४ जानेवारी, संक्रांत.
आज दिवसभर गोड बोलायचं ठरवलं. साडेनऊपर्यंत बोलले.
तीळ काढायला शीतल माळ्यावर गेल्ती. शिडी हलते. उतरताना खालच्या पायरीवर गुडघा धरून बसली जराशी. उठून शिडी धरायला पाहिजे होती मी. पण हलवा करून राह्यले होते, हाताला पाक होता. थोडाच होता.

१७ जानेवारी, चतुर्थी.
राजूरच्या गणपतीला जाऊन जहाजाच्या नावानं नारळ फोडला. जीपमधल्या बाया म्हणाल्या, कशाचा? म्हटलं, लढाईचं जहाज बांधलंय. एक बाई सरकून बसली.
उषाबाई म्हणे, ठेवणार कुठं? गल्लीत माझी म्हैस बसते. अडाणी आहे.
नाव ठेवलं ‘दैवशाला’. कल्याण म्हणे, स्वतःचंच? म्हटलं, दुसऱ्या कुणी बांधलंय का?
शीतलनं आज परत विचारलं, आई, अजून वेळ आहे, गोळे खाली घेऊ का? घाबरली. हरल्यावर तिला जास्त बोलायचं न्हाई, असं ठरवलं. दोन दिवस फक्त.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी साडेनऊ.
नवं लुगडं नेसले. जिंकल्यावर मेहरुन्निसाला काय म्हणायचं ते पाठ केलं. पोरीला लागेल असं काही न्हाई त्यात.

सव्वादहा.
आज हवाच बरी न्हवती. तेच कारण.

साडेदहा.
झालं ते लिहून ठेवते, कारण ही दोघं भलतंच सांगत सुटतील. मेहरुन्निसा फोनवर होती. म्हणे, अम्मा, पैले तुम चलाव. मोठ्या माणसाचा मान राखते, घरचं वळण आहे. ‘दैवशाला’ बंदरातून डौलात निघाली. मी शीतलला म्हटलं, जरा डावीकडं वळव, मेहरुन्निसाला पूर्ण दिसू दे.
वळली. अन् कललीच. मला वाटलं रामराम करून राह्यली. पण परत उठेचना. आधी टाकी पाण्यात गेली, मंग स्वैपाकघर, मंग तोफा. तळ वर आला. स्वच्छ होता.
मेहरुन्निसा फोनवर म्हणे, अम्मा, मैं तो अब्बी एक गोला बी नै मारी.
कल्याण ओरडला, दैवशाला उलटली! तर उषाबाई कांदा फोडून धावत आली नाकाला लावायला. मला जिवंत पाहून जराशी नाराज झाली.

बारा.
कारणं: राजूरचा नारळ आतून सुका निघाल्ता. कॉम्प्युटर जुना. डावीकडं वळायला नको होतं.
परत चालवा म्हटलं. शीतलनं फक्त गोळे अन् ज्वारी तळाला नेली, बाकी सगळं माझंच ठेवलं, टाकीसुद्धा. गेली नीट. डावीकडं वळली, उजवीकडं वळली. मेहरुन्निसानं अर्धा तास तोफा मारल्या तेव्हा कुठं बुडाली.
माझे डोळे दुखून राह्यले होते, म्हणून उठले.

२० जानेवारी, सोमवार.
शीतल टोमणे मारील म्हणून मी सात उत्तरं तयार ठेवली होती, एकबी वापरायला मिळालं न्हाई. संध्याकाळी गाडीहून आली, पाय धुतले अन् मुकाट शिडी लावली पिठासाठी.
मी जाऊन शिडी धरली. ती खाली पाहायला लागली. म्हटलं, पाहून काय राह्यली? डबा घेऊनच उतर. मंग दुसरा. राहिलेले कल्याण उतरवील, त्याला जड वस्तू आडव्या करायची सवय आहे.
तिला हसू आलं. शिडी हलली. मी धरलेली होती.

२३ जानेवारी.
सगळे डबे ओट्याखाली. भाकरी अर्ध्या तासानं लवकर होतात. हे तिला सांगायचं न्हाई.
सकाळपासून चारदा वाकून जमिनीला हात लावून पाह्यला. कोरडी आहे.
छतावरची काळी टाकी मात्र छतावरच आहे. ती खाली घ्या असं घरात कुणी म्हटलं न्हाई. म्हणजे अर्धं जहाज माझं बराबरच होतं.