साहेब म्हणाले, ते तुमच्याकडं

चि. वर्षाराणीस, दादाचे लई लई आशीर्वाद.

आईचा गुडघा कसा हाय? तिला सांग, बाजी मेंढरांमागं राज्याच्या सरहद्दीपल्याड खुशाल हाय.

तुला खरं लिवतो. चोरीच्या संशयावरनं पोलिसांनी मला धरलं, आज पाचवा दिस. मेंढरं कुठं गेली, ठाव न्हाई.

म्या साहेबांना म्हणलं, "चोवीस तासांत कोर्टापुढं न्यायचं, आसं संविधानात हाय. माजी बहीण वकिली शिकती."

साहेब हसले. "ते तुमच्या राज्यात."

वर्षा, संविधान समद्या राज्यांना एकच न्हवं?

एका कागदावर सही केलीस तर सोडतो म्हणत्यात. त्यावरच्या हितल्या लिपीतलं एक अक्षरबी मला कळंना. अजून सही केली न्हाई. चौकीचा पत्ता पाकिटावर हाय. लवकर ये, माजा धीर सुटाय लागलाय.

तुजा दादा,
बाजी