पडद्यांसकट आलेलं घर

प्रिय डेल,

तुझ्या फोनवरचं यंत्र 'निरोप ठेवा' म्हणून म्हणून थकलं, मी ऐकून थकले, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आईचं खुब्याचं हाड जुळत आलंय. शुश्रूषागृहातलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही आणि शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर टीव्ही लावून ठेवते. मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, माझं घर उभं आहे ना? उभं आहे. पण ते उभं ठेवता ठेवता मी पार वैतागले आहे.

आपला रस्ता गावाच्या हद्दीत घेतला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आता नगर समितीचा नियम असा, की कारखान्यात बांधून ट्रकवरून आणलेलं घर हद्दीत चालणार नाही. आपल्यासारखी जुनी आहेत ती राहोत, पण त्या जागी नवं आणायचं नाही, आणि सहा महिने रिकामं राहिलं तर हक्क संपला, घर उचला. म्हणजे म्हातारीने पडून राहायचं तेसुद्धा समितीला सोसेल तेवढेच दिवस. छप्पर गळतंय, तर जुनं काढून नवं घर आणायची सोय नाही, आणि आई बरी होईपर्यंत कुलूप लावायचीही नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. जमीन आपली, कर आपण भरतो, आणि राहायचं कुठल्या घरात ते ठरवणार दुसरेच.

म्हणून मी गावातली माझी खोली बंद करून इथे येऊन राहिले आहे. घेवडा शिजवते, मक्याचा पाव भाजते, धुणं मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वाळत घालते. तरी समोरच्या विटांच्या घरातल्या मिसेस व्हिटलॉकने तक्रार केलीच, की लोरेटा इथे राहत नाही, नुसती राहिल्यासारखं दाखवते. या बाई आल्या कालपरवा, आणि रस्त्याची शोभा म्हणे आमच्यामुळे जाते.

आपलं घर आलं तो दिवस तुला आठवतो का रे? वळणावर ट्रक अडला, बाबांनी कुंपणाचे खांब उपटून वाट करून दिली, आणि तू मागून धावत होतास. खिडक्यांना कारखान्यातूनच पिवळे पडदे लावून आले होते. ते बघून तुला वाटलं, आत आधीच कोणीतरी राहतंय. आठवडाभर शाळेत तू सगळ्यांना सांगत होतास, आमचं घर पडद्यांसकट आलं. तुझ्याइतका त्या घराचा अभिमान आईलासुद्धा नव्हता.

तक्रारीमुळे परवा तपासनीस आला. हॉस्टेटरचा क्लिंट, ज्याला मी चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवलं तोच. दारात टोपी हातात घेऊन उभा. "मिस लोरेटा, खरं सांगा, तुम्ही इथे राहता की येऊन बसता?" मी म्हटलं, "आत ये, पाव गरम आहे. रिकाम्या घरात पाव भाजत नाहीत." बिचारा लाजला, दोन तुकडे लोणी लावून खाल्ले, आणि मग मला बरं वाटावं म्हणून बोलून गेला, "माझा काही दोष नाही हो. समितीच्या लोकांना हे नियम कसे लिहायचे ते शिकवायला राजधानीतून एक गृहस्थ आले होते. सहा महिन्यांचं कलम त्यांनीच सुचवलं. तुमचे डेलच की ते. फार छान बोलतात. लहानपण शेतावरच्या जुन्या लाकडी घरात गेलं म्हणाले."

मी त्याला आणखी पाव वाढला. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून तुझा राग करायचा प्रयत्न करते आहे आणि तो नीट जमतही नाही, याचाच जास्त राग येतो. शाळेत पोरं आपल्या घरावरून तुला 'पत्र्याचा डबा' म्हणून चिडवायची ते मला माहीत आहे. पण ती पोरं मोठी झाली, विसरलीसुद्धा. तूच तेवढा विसरला नाहीस. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती तिथल्या नर्सना कौतुकाने सांगते, माझ्या डेलला घरांचं सगळं कळतं, घराचं काही झालं तर तो बघून घेईल.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी समितीची सुनावणी आहे. माझं राहणं खरं राहणं धरायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार. तू ये. भाषण नको, कलमं नकोत. उभा राहा आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हण, मी या घरात वाढलो. तुझ्या तोंडून ते ऐकल्यावर त्यांनाही जरा विचार करावा लागेल. आणि येणार नसशील, तर घर उचलून नेतील त्या दिवशी तरी आईकडे जा आणि का नेलं ते तिला तूच सांग. मी सांगणार नाही.

तुझीच, अजून तरी त्याच घरात राहणारी,
लोरेटा