आयोजक म्हणून माझं नाव

सोलापूर, १० फेब्रुवारी १९७८

चि. ईरप्पा यास गुरुबसप्पाकाकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू न सांगता वैरागला गेलास. खुशाल पोचलास ना? तुझी काकू रोज विचारते.

गेल्या शनिवारी तुमच्या कॉलेजच्या पोरांनी आमच्या गल्लीत जो धिंगाणा घातला, त्यावरून काल मला पोलीस चौकीत बोलावलं. गुणवंत मुलांचा छोटा सत्कार आहे, रहिवाशांची हरकत नाही एवढीच सही हवी, असं सांगून तू अर्ज आणलास. पहिली सही मी केली. या गल्लीतल्या निम्म्या लोकांना मीच शाळेत शिकवलंय, म्हणून माझ्याखाली अकरा घरांनी न वाचताच सह्या केल्या. निघाला ऑर्केस्ट्रा, हजारभर पोरं, रस्ता दोन्हीकडून बंद! मायाक्काच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर टांगा गल्लीत शिरेना. बिचारीला चालवत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पोरं सार्वजनिक नळावर चढून नाचली, तो मुळापासून मोडला. अजून सारी गल्ली दुसऱ्या पेठेतून पाणी आणते.

फौजदारांनी अर्ज दाखवला. मी सही केली तेव्हा आयोजकाची जागा कोरी होती. आता तिथं माझं नाव आहे. नुकसानीची भरपाई आणि रस्ता अडवल्याचा खटला, दोन्ही आयोजकावर. ते अक्षर तुझं आहे का, तेवढं कळव.

तुझा काका,
गुरुबसप्पा

वैराग, १४ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप काकांस ईरप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

अक्षर माझंच आहे. पोरांच्या नावावर परवानगी मिळत नाही, मास्तरांच्या नावावर लगेच मिळते, असं सगळे म्हणाले. एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं की. पुढच्या महिन्यात माझी बँकेची मुलाखत आहे. खटल्यात नाव आलं तर सगळं संपलं. तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला लोक लई मानतात. समज देऊन सोडतील. तेवढं हो म्हणा, काका. काकूला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
ईरप्पा

सोलापूर, १८ फेब्रुवारी १९७८

चि. ईरप्पा यास,

तुझं पत्र वाचून काकू रडली. पोराच्या नोकरीसाठी एवढं पोटात घाला, म्हणाली. खरं सांगतो, तसंच करायला निघालो होतो. वाटेत मायाक्का भेटली, डोक्यावर घागर. आमचे मास्तर असलं कदी करायचे न्हाईत, त्यांना कुणीतरी फसवलंय, असं तिनं साऱ्या गल्लीला सांगितलंय म्हणे. मला मान वर करवेना.

सही माझी, नाव घातलं पुतण्यानं, असा जबाब चौकीत दिला. तुझं पत्रही जोडलं. आयोजक कोण हे न विचारता सही केली, ही माझी चूकही लिहून दिली. आता अकरा घरी जाऊन माफी मागतोय. सहा झाली.

खटल्याचं मला एवढं वाटत नाही. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात हे तुला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तू माझं नाव निवडलंस. ते काही केल्या मनातून जात नाही.

सोमवारी, २७ तारखेला सकाळी चौकीत हजर हो. मी तिथं असेन. आधी घरी येऊन जेव.

लोभ आहेच. तो वाढावा, असं मात्र आज लिहवत नाही.

गुरुबसप्पा